पत्र्याचं वळण

बाबा, तुमचं हाताचं फोल्डिंग मशीन मी भंगारवाल्याला दिलं. हे तुम्हाला सांगायला हवं होतं. डिचोलीच्या आपल्या वर्कशॉपात त्या जागी आता हायड्रॉलिक प्रेस ब्रेक उभा आहे. वर पंच, खाली व्हीच्या आकाराची डाय, मध्ये पत्रा. मी कोन ठरवते, पेडल दाबते, पत्रा मुकाट वाकतो. तुम्ही पत्रा जबड्यात आवळून दोन टोकांना दोन कामगार उभे करायचात आणि पुढची फळी उचलून तो वाकवायला लावायचात. तेच दोघे आता आरामात चहा पितात आणि मला मालकीण म्हणतात.

मांद्रेच्या गेस्टहाउसच्या स्वयंपाकघरासाठी धुराचा हुड करायचा होता, तो दिवस आठवतो? तुम्ही दुसऱ्या कामाचं माप घ्यायला हरमलला गेला होतात. दादाने कडा नेमक्या काटकोनात वाकवल्या. फळी सोडल्याबरोबर पत्रा जरा मागे आला आणि कोपरे जुळेनात. पत्रा मागे येतोच, म्हणून त्याला काटकोनाच्या थोडं पुढे न्यायचं असतं, हे मी तुमचे हात बघून बघून शिकले होते. दादा हातोडा घेऊन कोपरे ठोकायला लागला, तेव्हा मी त्याला बाजूला सारलं, नवा पत्रा घेतला आणि हुड वाकवला. तुम्ही मांद्रेच्या गिऱ्हाइकाला घेऊन दारात येता, मी फळीपाशी घामाघूम उभी असते. गिऱ्हाईक कोपऱ्यावर बोट फिरवून विचारतं, कोणी केलं? "माज्या झिलान," तुम्ही म्हणता. गिऱ्हाईक गेल्यावर कामगारांसमोर मला पोरीची जात म्हणून सुनावता, "चेडवांक वळण चुलीर लागता, मशिनीर न्हय." दादा मान खाली घालून उभा होता.

तुम्ही गेलात आणि तुमचा झील, म्हणजे दादा, वर्कशॉप विकायला निघाला. त्याला स्कूटर भाड्याने द्यायच्या होत्या. मी किल्ली काढून घेतली आणि तुमच्या नाकावर टिच्चून काम चालू ठेवलं. दहाव्याला नदीवर पिंडाला कावळा शिवेना. आत्या माझ्या कानाशी लागली, "तेचो जीव थंय अडकला. म्हण गो, किल्ली भावाक दितंय म्हणान." शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. सगळ्यांना वाटलं, तुमचा जीव दादात अडकलाय. मला वाटत होतं, तो माझ्यापाशी अडकलाय. "जा, विसरले मी" एवढं म्हटलं असतं, तर काठावरच्या आंब्यावर बसलेला कावळा खाली उतरला असता, याची मला खात्री होती. म्हणूनच म्हटलं नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच. पण खरं सांगते बाबा, त्या दिवशी तुम्ही उपाशी गेलात, याचं मला बरं वाटलं होतं. अजून वाटतं.