पहिली प्रत फुकट

१३ मे, सोमवार

पाचशे चाळीस डॉलर! माझ्या नवऱ्याच्या, एस्टिलच्या केसपेपरची झेरॉक्स — पाचशे चाळीस! त्यात शोधणावळ वेगळी, हाताळणी वेगळी. हाताळणी! त्याला हाताळलं मी. कूस बदलली, उशीवरची काळी थुंकी पुसली. मला कुणी बिल करू दिलं नाही.

इस्पितळाच्या खिडकीत ग्लेना आयसन बसते. रविवारी चर्चमध्ये माझ्या पुढच्या बाकावर, सोमवारी काचेमागे. “मी काय करू, व्हर्डाताई? बिल परराज्यातली कंपनी काढते.” फेब्रुवारीत एस्टिलच्या मातीला आली तेव्हा वाळल्या सफरचंदांचा केक आणला होता तिने. ताट अजून माझ्याकडे आहे. परत देणार नाही.

जुलैत पेन्शनची सुनावणी. खाणवाल्यांचा डॉक्टर म्हणतो, फुप्फुसं कोळशाच्या धुळीने नाही, सिगारेटने गेली. खाणीत काडी ओढली तर वायू पेटून सगळी पाळी उडेल! म्हणून तर आमची माणसं तंबाखू चघळतात. एस्टिलने जन्मात सिगारेट ओढली नाही. केसपेपरमध्ये ते असणारच. ते मिळाले नाहीत तर माझी पेन्शन गेली, आणि त्यांचं खोटं त्याच्या नावाला कायमचं चिकटलं.

१५ मे

घेवडा शिजवला. पातेलं पुन्हा मोठंच काढलं.

२१ मे, मंगळवार

वाचनालयात कायद्याचं पुस्तक मागितलं. तिथली बाई म्हणे, “अवघड असतं हो ते.” म्हटलं, मी तिशीत वाचायला शिकले, बियाणांच्या कॅटलॉगवरून, तेव्हा काहीच सोपं नव्हतं. आण.

सापडलं! आमच्या केंटकीत रुग्णाने लेखी मागितलं तर पहिली प्रत फुकट. दुसरीला पानामागे फार तर एक डॉलर. हाताळणीचा शब्दही नाही. आणि एस्टिलच्या जागी आता मी — कोर्टाचा तसा कागद आहे माझ्याकडे. बोट ठेवून तीनदा वाचलं. परतताना गाडीत एकटीच मोठ्याने हसले. किती दिवसांनी!

२२ मे

खिडकीपुढे रांग होती. मुद्दाम मोठ्याने म्हटलं, “पहिली प्रत फुकट! कायदा आहे!”

मागून ऑक्सिजनच्या नळकांड्यावर श्वास घेणारा म्हातारा ओरडला, “फोड काच, व्हर्डी! मी वर्गणी देतो!” सगळे हसले. ग्लेना सोडून.

“ताई, पहिली प्रत दिलीय. गेल्या ऑक्टोबरात.”

“कुणाला?”

“एस्टिललाच.”

“दुकानावरची पाटी वाचता येत नव्हती त्याला! केसपेपर काय चूल पेटवायला नेले?”

“हाताळणी काढायला लावते मी. शोधणावळही. पण ही दुसरी प्रत, पानाचा डॉलर द्यावाच लागेल.”

“चोर आहात सगळे. एक सेंट देणार नाही! मरेन पण देणार नाही!”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “माहीत आहे.”

माहीत आहे म्हणे! आगाऊ.

२४ मे

राज्य सरकारकडे तक्रार टाकली. ग्लेनाचं नाव पूर्ण लिहिलं, आडनावासकट.

३० मे, गुरुवार

इस्पितळाचं पाकीट आलं. आत ऑक्टोबरातला अर्ज.

सही त्याचीच. मीच शिकवली होती, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. पेन इतका दाबायचा की कागद फाटायचा. इथेही फाटलाय — झेरॉक्समध्ये भोकाचा काळा ठिपका आलाय.

म्हणजे नेली त्यानेच. आयुष्यभर घरात आलेला प्रत्येक कागद माझ्या हातात दिला. विजेचं बिल, युनियनची पत्रकं, बायबल — सगळं मी वाचायचं आणि त्याने डोळे मिटून ऐकायचं. हाच तेवढा दिला नाही! कुणाकडून वाचून घेतलास रे? गोठा बघितला, ट्रक उपसला. कुठे नाही.

मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही. मी तरी भांडले. दिवसभर.

२ जून, रविवार

पाय धुण्याचा रविवार. वर्षातून एकदाच येतो; चर्चमध्ये बायका एकमेकींचे पाय धुतात, येशूने शिष्यांचे धुतले तसे. मनात अढी असेल त्या बाईचे पाय धुवायचे नाहीत, तिच्याकडून धुवून घ्यायचे नाहीत. मी बूट काढलेच नाहीत.

ग्लेना कमरेला पंचा बांधून, पाण्याची परात घेऊन आली आणि माझ्यापुढे गुडघे टेकून बसली.

“ऊठ,” म्हटलं. हळूच — सगळ्याजणी बघत होत्या.

“नाही उठत. तक्रारीत माझं नाव घातलंस ना? आता पायही माझ्याच हातून धुवून घे.”

बूट तिनेच काढले. मोजेही. खाली मान घालून बोलत राहिली. बाकीच्या गात होत्या, माझ्याशिवाय कुणाला ऐकू गेलं नसेल.

“ऑक्टोबरात आला तेव्हा विचारलं त्याने, फुकट एकदाच मिळतं ना? हो म्हटलं. मग दे म्हणाला. वाचून दाखवू का म्हटलं, तर नको. गाडीतळावर गेला आणि सगळा गठ्ठा कचऱ्याच्या पिंपात टाकला.”

“टाकला?”

“म्हणाला, आता सुटलो. व्हर्डी पानाला डॉलर देणार नाही. मरेल पण देणार नाही.”

मी पाय मागे ओढला; तिने घोटा धरून ठेवला.

“डॉक्टरने सहा वर्षांपूर्वीच सांगितलं होतं त्याला, खाणीत पाऊल टाकू नकोस, मरशील. केसपेपरमध्ये ते आहे, ताई. तू वाचू नयेस म्हणून नेले त्याने. माझ्याकडून वचन घेतलं होतं. आज मोडलं.”

पाणी कोमट होतं. तिने बोटांच्या बेचक्यासुद्धा पुसल्या. मग मी उठले, पंचा माझ्या कमरेला बांधला आणि तिचे पाय धुतले.

३ जून

सहा वर्षांपूर्वी. माझा स्तन काढला तो उन्हाळा. पुढची सगळी औषधं त्याच्या खाणीच्या विम्यावर; नोकरी सुटली की विमा सुटला.

पानामागे एक डॉलर. दिले. ग्लेनाचं ताटही दिलं. चाळीस वर्षं ओळखत होता मला, आणि चुकला.

गठ्ठा मांडीवर आहे. वाचता येत नसतं तर बरं झालं असतं.