डनमोरला फाटा होणार नाही

डनमोर वेल्स, टेक्सस
९ सप्टेंबर १९७४

प्रिय मार्सी,

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. तुम्ही सगळी बरी आहात, वेंडेलची पाठ सुधारली, हे वाचून जिवाला बरं वाटलं. मीही ठीक आहे. वारा आहे, धूळ आहे, बाकी काही मागू नये.

गावच्या बातम्या म्हणजे, सापांचा खड्डा बंद झाला. प्रवासीच नाहीत तर तिकीट काढून साप बघणार कोण? म्हाताऱ्या गस टॅलीने सगळे साप तुमच्या कॅलिफोर्नियातल्या एका माणसाला विकले. "बघ ओलेटा," मला म्हणाला, "सापसुद्धा पश्चिमेला गेले. आपणच तेवढे मागे!" मिसेस टिस्डेल मोटेलची निऑन पाटी अजून रोज संध्याकाळी अर्धा तास लावते. गिऱ्हाइकासाठी नव्हे, नळ्या मरू नयेत म्हणून. नवा हमरस्ता सुरू होऊन सव्वा वर्ष झालं. दोन मैलांवरून ट्रकांची घरघर ऐकू येते, पण आपल्या जुन्या सहासष्ट नंबरच्या रस्त्यावर उतरून येत कुणी नाही.

तू खोली रंगवून ठेवलीस, तिथल्या वर्तमानपत्रात माझ्यासाठी शब्द टाकलास. पण लगेच कशी येऊ? बाबांचा छापखाना आहे, आपल्या 'सिग्नल' साप्ताहिकाचा अंक दर गुरुवारी निघायला हवा. शिवाय कॅफेवाल्या ड्युई प्रुइटची बायको लव्होन आजारी आहे. रोज दुपारी तिच्यापाशी बसते. हमरस्त्यावरून गावात उतरणाऱ्या फाट्याचं म्हणशील तर अजून काही कळलेलं नाही.

नोव्हेंबरनंतर बघू.

तुझी ओलेटा


६ ऑक्टोबर १९७४

मार्सी,

मागच्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं. फाट्याचं मला मार्चपासून ठाऊक होतं.

रस्तेवाल्यांचं पत्र बारा मार्चला आलं. चार ओळी. हमरस्त्यावरून डनमोरला उतरणारा फाटा होणार नाही, आता नाही आणि पुढेही नाही. ते मी टेबलाच्या खणात ठेवलं आणि गुरुवारच्या अंकात छापलं की फाट्याची दाट शक्यता आहे, वरिष्ठ अनुकूल आहेत. छपाईचे खिळे मीच जुळवले.

त्याच आठवड्यात अमॅरिलोचा एक माणूस ड्युई प्रुइटचं कॅफे विकत घ्यायला आला होता. लव्होनला दम्याचा त्रास, डॉक्टर म्हणत होते या धुळीतून हिला काढा. टूसनला त्यांची मुलगी आहे. ड्युईचं मन जवळजवळ झालं होतं. माझा अंक वाचला आणि त्याने त्या माणसाला परत पाठवलं. "फाटा झाला की हेच कॅफे सोन्याचं होईल," म्हणाला. कात्रण गल्ल्यामागे चिकटवलं.

मी असं का केलं, हे गेले सहा महिने स्वतःलाच विचारते आहे. जाहिराती जातील ही भीती होती, पण ते निमित्त. ड्युई गेला असता तर टिस्डेल गेली असती, मग गस. दिवे विझलेल्या रस्त्यावर एकटी मीच उरेन, याची मला भीती वाटली. बाबांचा छापखाना सोडून निघायचं धैर्य नव्हतं, म्हणून इतरांनाही निघू दिलं नाही.

ऑगस्टमध्ये लव्होनने अंथरूण धरलं. मी रोज जायची, सूप न्यायची, उशा सारखी करायची. ती माझा हात धरून म्हणायची, "तू आहेस म्हणून आम्ही तग धरून आहोत गं." अशा वेळी हात सोडवताही येत नाही. तू मला बोलावत होतीस आणि मी त्या खुर्चीला जखडले होते.

गेल्या बुधवारी मी ते पत्र पहिल्या पानावर जसंच्या तसं छापलं. खाली एक ओळ घातली: हे पत्र संपादिकेने सहा महिने दडवून ठेवलं होतं. शाई वाळायच्या आत पहिली प्रत घेऊन कॅफेत गेले. लव्होन त्या दिवशी जरा बरी होती, गल्ल्याजवळ बसली होती. ड्युईने मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि त्या खालच्या ओळीपाशी थांबला.

"मार्च," लव्होन म्हणाली. "मार्चमध्ये मी जिना चढत होते."

ओरडली असती तर बरं झालं असतं.

"ड्युई, मला..."

"बाहेर हो, ओलेटा."

मी बाहेर झाले.

त्याने अमॅरिलोला फोन केला. त्या माणसाने केव्हाच दुसरीकडे जागा घेतली होती. तरी ती दोघं शनिवारी सकाळी मुलीकडे टूसनला निघाली. कॅफेला नुसतं कुलूप लावलं, गादी आणि भांडी गाडीत मागे टाकली. जाताना ड्युई छापखान्यासमोर थांबला. गाडी बंद केली नाही. खिडकीतूनच म्हणाला, "पुढच्या अंकात टाक, प्रुइट गेले म्हणून. एवढी बातमी तरी खरी लिही."

शेजारी लव्होन तोंडावर ओला रुमाल धरून समोर बघत होती.

ती बातमी मी काल दिवसभर लिहीत होते. शेवटी दोन वाक्यं उरली.

आता मला कुणी शिव्या देत नाही, वर्गणीही कुणी बंद केली नाही. पण मी आले की बोलणं थांबतं. लग्न, बाळंतपण, कुणाच्या घरी पाहुणे, काहीच कुणी सांगायला येत नाही. गस समोरून येतो आणि हवेबद्दल बोलून पुढे जातो. टिस्डेलबाई सामान बांधते आहे, हे मला तिने दुकानातून नेलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांवरून कळलं.

खोली दुसऱ्या कुणाला दे, मार्सी. माझ्या पायात बेडी नाही, छापखान्याला कुलूप लावायला पाच मिनिटं पुरतील. पण यांना इथे मी थांबवलं. शेवटचं घर निघेपर्यंत मला निघता येणार नाही. कोण कुठे गेलं, ते खरंखरं छापायचं आहे, कुणी वाचो न वाचो.

एक काम कर. वेंडेलचा ट्रक टूसनला जातो ना? लव्होनच्या मुलीचा पत्ता सोबत लिहिला आहे. त्याला म्हणावं, संत्र्यांची पेटी पोचवायच्या निमित्ताने जा. माझं नाव काढायचं नाही. ती दारापर्यंत चालत आली का, बोलताना धाप लागली का, एवढं बघून ये म्हणावं.

आणि मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. तो जे बघेल, तेच लिही.

तुझी बहीण,
ओलेटा