'काऊन'चं पाचवं गाणं

आमगाव, रोवणा आटोपला तो रविवार

आदरणीय हिरालाल मामांना अल्काचा मनापासून जय भीम.

गुडघा कसा आहे? डॉक्टरने दिलेला पट्टा बांधता, की खुंटीलाच बांधून ठेवला? (उत्तर मला माहीत आहे.) आम्ही मजेत. फोनच केला असता, पण बोलणं झाल्यावर तुम्ही लाल बटन दाबत नाही, फोन तसाच खिशात टाकता आणि मग तुमच्या खिशातलं सारं नागपूर आम्हाला ऐकू येते. म्हणून पत्र. शिवाय काम नाजूक आहे. एका पोराचा अल्बम तुमच्यापायी अडून राहिला. कसा, ते सांगतेच, पण आधी अल्बम ऐका!

काय सांगू मामा, वेड लागलं मला! आपल्या मोटर वाइंडिंगवाल्या बुद्धभूषणने काढला. हो, तोच, ज्याने आमचा पंप दुरुस्त केला आणि दोन स्क्रू उरवले. (पंप चालू आहे. स्क्रू खिडकीत आहेत.) नाव ठेवलं 'काऊन'. पुण्याकडचे लोक नुसतं 'का' म्हणून मोकळे होतात, आपल्या 'काऊन'मध्ये भांडण आणि माया दोन्ही येते. सध्या चार गाणी आहेत, चारही आपल्या बोलीत, धानाच्या रिकाम्या गोदामात गायलेली. दुसऱ्यात मधेच कोंबडा आरवते. त्याने तो काढला नाही, आणि खरं सांगते, ढोलकीपेक्षा कोंबडाच तालात आहे.

आता शोधायचं कसं? मी केली ती चूक करू नका. मी फोनला तोंडाने सांगितलं, "काऊन लाव." त्या मेल्याला वाटलं मी इंग्रजीत गाय मागून राहिली. त्याने गाई दाखवल्या. मी ओरडून सांगितलं, तर जास्त दूध देणाऱ्या गाई दाखवल्या. फोन आमच्या ह्यांचा, म्हणजे प्रफुल्लचा. दुसऱ्या दिवसापासून त्यांना ढेप आणि पशुखाद्याच्या जाहिराती येऊ लागल्या. चार दिवस हा माणूस त्या जाहिराती वाचत राहिला. पाचव्या दिवशी मी पाहते तर अंगणात दोरी धरून गोठ्याची जागा मोजून राहिले! "गाय घ्याची होती तं मले काऊन नाही सांगतलं?" म्हणे. म्हणून सांगते, टाइप करून शोधा, आणि पुढे बुद्धभूषण लिहा.

मग मी तो अल्बम रोवण्यावर नेला. बांधीच्या चिखलात धानाची रोपं लावणाऱ्या आम्ही चौदा बाया, कडेच्या कोरड्या धुऱ्यावर स्पीकर. पहिल्याच गाण्यात तो "काऊन?" विचारते आणि ढोलकी थांबते. त्या थांबण्यात चौदाही बाया ओरडल्या, "काऊन?" बाजूच्या बांधीतला माणूस घाबरून विचारायला आला की भांडण कशाचं. दुपारपर्यंत तोही ओरडत होता.

तुम्ही म्हणाल, आता मला गाण्याचं काय! प्रेमिला मामी गेली, गाणं गेलं, असं म्हणून तुम्ही पेटी विहाराला देऊन टाकली. पण हे ऐका, मामा. माझ्यासाठी ऐका.

तुमची भाची,
अल्का

ता. क. : आता खरं सांगते, रागावू नका. आषाढात तुम्ही मला झापलं होतं, "काऊन वो, तीन दिवस झाले, फोन कायले नाही उचलत?" मग फोन खिशात टाकला. इकडे मी कणीक मळत होते, स्पीकर चालू, आणि माझा फोन सारं आपोआप रेकॉर्ड करते. बुद्धभूषण पंप खोलून बसला होता. आणि मामा, तुम्ही गायला लागले. मामीचं रोवण्याचं गाणं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, अकरा मिनिटं. मधे कुकरच्या शिट्याही मोजल्या. मी तर रडले. बुद्धभूषण पाना हातात धरून तसाच बसून राहिला. (स्क्रू त्यामुळेच उरले.) अल्बमचं नाव त्या झापण्यातलं, आणि पाचवं गाणं ते आहे. पण तो म्हणते, मामांनी हो म्हटल्याशिवाय मी लावत नाही, आणि त्याच्याबिगर अल्बम पुरा नाही.

आणखी एक : नाही म्हणायचं असेल तर पत्र लिहा, पोहोचेल तेव्हा पोहोचेल. हो म्हणायचं असेल तर फोन करा. आणि बोलून झालं की, नेहमीसारखाच, तसाच खिशात टाका.