एक वस्तू, एक उपयोग

४ मार्च
आजपासून ही वही. ऑफिसात नवीन काम आलंय. कुठली वस्तू कशाकशाला वापरता येते, ते कॉम्प्युटरला शिकवायचं. विभागप्रमुखाची जागाही रिकामी आहे. साहेबांनी नाव घेतलं नाही, पण बघितलं माझ्याकडेच.

५ मार्च
माझं तत्त्व ठरलं. एक वस्तू, एक उपयोग. खुर्ची: बसणे. बादली: पाणी भरणे. एका दिवसात दोनशे वस्तूंचा फडशा. मेव्हणा (याला इथे मीच चिकटवला) अजून खुर्चीवरच अडकलाय. एकतीस उपयोग झाले म्हणे! अशाने मशीनचं डोकं फिरेल, असं प्रेमाने समजावलं. 'हो भाऊजी' म्हणाला. गरीब आहे बिचारा.

९ मार्च
साहेब माझ्या मागे बराच वेळ उभे राहिले. मान हलवत गेले. भारावले असावेत.

११ मार्च
मेव्हणा रोज संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात बहिणीशी गप्पा छाटत बसतो. वर हातात वही. टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो. प्रमुख झालो की आधी याला शिस्त लावणार.

१६ मार्च, दुपारी ४
परीक्षा झाली. आमच्या याद्या एकेका रोबोत भरल्या होत्या. वाऱ्याने आपटणारं दार रोबोने थांबवायचं. माझा रोबो खुर्ची दिसताच तिच्यावर बसायला गेला आणि धाडकन आडवा. मेव्हण्याच्या रोबोने तीच खुर्ची उचलून दाराला लावली. टाळ्या. फरशी गुळगुळीत होती, हे साहेबांना लेखी कळवलंय.

१७ मार्च, सकाळी ११
मेव्हणा विभागप्रमुख!
त्याची यादी मागवून वाचली. खुर्चीवर चढून माळ्यावरचे डबे काढणे. पाठीवर ओला टॉवेल टाकणे. उलट्या बादलीवर बसून भाजी निवडणे. अरे, हे तर माझं घर! ज्याला हाताला धरून आणला, त्यानेच केसाने गळा कापला. आणि सांगणारी कोण, तर माझी बायको. मी शेजारच्या खोलीत असताना! डोळ्यांत पाणी आलं. लिहायला लाज कसली?

१७ मार्च, रात्री ८
बायकोला जाब विचारला. नवऱ्याला सोडून भावाला का सांगितलंस, म्हटलं. म्हणाली, त्याने विचारलं म्हणून सांगितलं. एवढ्या वर्षांत तुम्ही कधी काही विचारलंत?
विचारणारच होतो. सवड मिळाली नाही.