बसायला बिडी लागत नाही

आये, काल आंब्याच्या शेडवर गेले होते. पेट्या आता पुठ्ठ्याच्या झाल्या, भातेणाच्या, भाताच्या सुक्या पेंढ्याच्या, जागी कागदाची कातरणं आली. पण दुपारी चहा झाल्यावर सगळ्या बायका उठून फणसाखाली बसल्या आणि कुणी हटकलं नाही. त्यांना वाटतं, ही सुट्टी पहिल्यापासूनच आहे. मी मनातल्या मनात मिरवून घेतलं.

ती सुट्टी बिडीची होती. शेडभर सुकं भातेण, ठिणगी पडली तर हंगाम जळेल, म्हणून बिडी ओढणाऱ्यांनी बाहेर जायचं. न ओढणाऱ्यांनी पेट्या भरत राहायचं. कंबर मोडायला आली की नव्या सुना बिडी शिकायच्या, ती अशी. तूही तशीच शिकलीस, मी पोटात असताना.

पंच्याऐंशी-शहाऐंशीचा हंगाम असेल. मी सतरा वर्षांची, चिकाने बोटं सोललेली. त्याच आठवड्यात तू खोकला दाखवायला रत्नागिरीच्या सरकारी दवाखान्यात गेली होतीस. बिडीने कॅन्सर होतो तो पुरुषांना, असं आपल्याकडे सगळ्याच बायका मानायच्या. तू डॉक्टरणीलाही तेच ऐकवलंस. ती म्हणाली, फुप्फुसाला कळत नाही ओढणारा धोतरातला की लुगड्यातला. आज तसलं काही दिसत नाही, सोडलीत तर धोका कमी होत जाईल, अजिबात उरणार नाही असं मात्र म्हणत नाही. घरी येऊन तू हे हसत सांगितलंस. बंडल कमरेला होतंच.

मग ती दुपार. तू फणसाखाली बसली आहेस, हातात न पेटवलेली बिडी. मी येते आणि म्हणते, मलाही एक दे, मला बसायचंय. तू उठतेस आणि अख्खं बंडल चहाच्या चुलीत टाकतेस.

"बस, बाय."

मुकादम आलाच. बिडी नाही तर दोघी बसल्यात कशाला, म्हणाला. काम गेलं तर पावसाळा कशावर काढायचा, मला तेवढंच दिसत होतं.

"आदी धूर वढत व्हते, आता वारा वढतंय," तू म्हणालीस. "येळ तेवढाच लागतो. सपला की उठतंय."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग तोही हसला, आणि तिथेच हरला. दुसऱ्या दिवशी न ओढणाऱ्याही बाहेर आल्या, वारा ओढायला. पुढच्या हंगामात एकही नवी सून बिडी शिकली नाही.

तू मात्र महिनाभर लवंगा चघळत सगळ्यांवर खेकसलीस. पण पुढे नात कडेवर घेऊन देवळाची घाटी न थांबता चढायचीस. गेलीस तीही पिकल्या केसांनी, झोपेत.

हा कागद घडी घालून पर्समध्येच ठेवते आहे. मी आयुष्यात बिडी ओढली नाही, दिसेल त्या बाईला सोडायला सांगते. पण एसटी स्टँडवर कुणा म्हातारीने बिडी पेटवली की आधी दोन पावलं तिच्याकडे सरकते, मग बोलते. तुझ्या पदराला तोच वास होता. तेवढं एक माझं सुटलेलं नाही.