निळ्या अक्षराचा टॉवेल

तोरिनो, ४ मार्च १९९६

चि. आगोस्तिनो यास नुन्झियाताताईचे अ. आ. रागात लिहिते आहे, तरी आशीर्वाद खरे आहेत.

वि. वि. तू बसवाल्याबरोबर धाडलेलं म्हशीच्या दुधाचं चीज पोचलं. सबातिनोने दोन घास खाल्ले. तिसऱ्या घासाला हातातून चमचा गळला, आणि ‘चमचा’ हा शब्द काही केल्या त्याच्या तोंडून निघेना. चोवीस वर्षांचा माझा मुलगा चमच्याकडे बोट दाखवून रडला. डॉक्टर म्हणतात, मेंदूवरची सूज उतरली आहे, बोलणं हळूहळू येईल. पुरतं येईल असं मात्र ते म्हणत नाहीत. जानेवारीतल्या त्या लढतीपर्यंत हाच मुलगा फोनवर बडबडून माझं डोकं उठवायचा.

मला रडत बसायला सवड नाही. शिवणाच्या मशीनवर बसल्या बसल्या मी एक कागद तयार केला आहे. व्यावसायिक बॉक्सिंगचे नियम सुधारायला रोमच्या समितीने सूचना मागवल्यात, हे तूच कळवलं होतंस. पण सूचना फक्त परवानेवाल्या माणसाची चालते, आईची चालत नाही. ज्याचं जळतं त्यालाच विचारायचं नाही, असा त्यांचा कारभार. प्रशिक्षकाचा परवाना तुझ्याकडे आहे, म्हणून सही तुझी हवी. मी लिहिलंय की तिकिटं विकणाऱ्यानेच रिंगजवळचा डॉक्टर नेमायचा, हे बंद करा. वजन आदल्या दिवशी घेऊ नका, लढतीच्या सकाळी घ्या, म्हणजे वजनगटात बसायला मुलं दोन-दोन दिवस पाण्यावाचून राहून स्वतःला वाळवणार नाहीत. आणि सगळ्यांत वर लिहिलंय की हार मानून मुलाच्या कोपऱ्यातून टॉवेल पडला की पंचाने जागच्या जागी लढत थांबवलीच पाहिजे. तू टॉवेल टाकलास आणि त्या पंचाने तो पायाने बाजूला सारला, हे तू इस्पितळाच्या जिन्यात मला सांगितलंस. त्या दिवसापासून मी त्या माणसाला रोज शिव्या घालते.

एक सांगायचं राहिलं. एकसष्ट साली तुझ्या लढतीत, शेवटच्या फेरीत बाबांनी तुझ्यासाठी टॉवेल टाकला, तर तू सहा वर्षं त्यांच्याशी बोलला नाहीस. एका टेबलावर जेवायचास आणि मीठ मागायचं तरी माझ्या तोंडून मागायचास. तोच तू भाच्यासाठी टॉवेल टाकलास. माझ्या मनात त्या सहा वर्षांची अढी होती, ती गेली.

एप्रिल संपायच्या आत कागद रोमला पोचायला हवा. लोभ आहेच, सही आली की वाढेल.

तुझी,
नुन्झियाता

मार्चानीझे, १३ मार्च १९९६

ती. ताईस आगोस्तिनोचा सा. न.

वि. वि. तुझा कागद वाचला आणि दोन दिवस घरात कोणाशी धड बोललो नाही. ताई, तू झगे उत्तम शिवतेस. बाही कशी लावावी हे मी कधी तुला शिकवायला आलो का? मग चाळीस वर्षं तालमीत घाम गाळलेल्या माणसाला तू मशीनवर बसून नियम सांगतेस ते कशाच्या जोरावर?

सकाळी वजन घेतलं तर मुलं उपाशी राहायची थांबतील असं तुला वाटतं. छे. ती उपाशीच राहतील, आणि संध्याकाळी तशीच रिकाम्या पोटी रिंगमध्ये उतरतील. आता निदान पाणी प्यायला आणि दोन ताटं पास्ता खायला मधली रात्र मिळते. आणि वजनाचं एवढं काय घेऊन बसलीस? पाच-सातशे ग्रॅम टॉवेलाआड कुठेही जिरतात, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं.

खरी कीड गुण देणाऱ्यांत आहे. तिघं खुर्च्यांवर बसतात, त्यांतल्या एकाचं लक्ष प्रेक्षकांतल्या बायकांकडे असतं, आणि निकाल शेवटी लिफाफ्यातून काढतात. माझं ऐकशील तर लिही, की प्रत्येक फेरीनंतर गुण फळ्यावर सगळ्यांना दिसले पाहिजेत. असं असतं तर एकसष्ट साली जगाला दिसलं असतं की बाबांनी टॉवेल टाकला तेव्हा मी पुढे होतो. हे मी मरेपर्यंत म्हणणार.

ते टॉवेलाचं कलम मात्र खोडून टाक. पंचाला दुखवून मला काय मिळणार? मला याच लोकांत राहायचंय. शिवाय अशी तक्रार करायची तर टॉवेल कितव्या फेरीत, कितव्या मिनिटाला पडला ते लिहावं लागतं. तेवढं कोणाला आठवतंय.

१४ एप्रिलला माझ्या तालमीतल्या एल्पिदियोची लढत आहे. दीड किलो अजून उतरायचं आहे, त्या गडबडीत आहे. सबातिनोला माझे आशीर्वाद. त्याची बडबड इथे नाही, हे घराला जाणवतं. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा,
आगोस्तिनो

तोरिनो, २४ मार्च १९९६

आगोस्तिनो,

चि. आणि आशीर्वाद आज राहू दे. हात तसं लिहायला तयार होत नाही.

लढतीची टेप जानेवारीपासून कपाटात पडून होती. ती बघायची माझी छाती नव्हती. तू लिहिलंस की मिनिट आठवत नाही, म्हणून मिनिट टिपून घ्यायला मी परवा ती लावली. आठवी फेरी तीनदा बघितली. माझा मुलगा दोरांना टेकून मार खातोय, हात वर उचलत नाहीये. तू कोपऱ्यात उभा आहेस, आणि टॉवेल तुझ्या खांद्यावर आहे. तो मी सबातिनोला अक्षर भरून दिला होता, आपल्या आईने तुला दिला होता तसाच. त्याच्यावरचं निळं ‘स’ कॅमेऱ्याकडे तोंड करून आहे, टाका न् टाका ओळखू येतो. सबातिनो पडला, तू दोरांखालून आत धावलास, तरी टॉवेल तुझ्या खांद्यावरच होता. दोन महिने मी त्या पंचाला शिव्या घातल्या. उद्या देवळात जाऊन त्याच्या नावाने मेणबत्ती लावणार आहे.

मग मी सबातिनोला विचारलं की टॉवेलाआड वजन जिरतं म्हणजे काय. त्याला सांगता येईना. त्याने स्वयंपाकघरातला टॉवेल घेतला, एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं त्याच्या बापाच्या. आम्हाला खुणेने ताणून धरायला लावलं, मागे उघडा उभा राहिला, आणि दोन्ही हातांची बोटं टॉवेलाच्या काठावर ठेवून दाबली. ते वजन माझ्या मनगटांत उतरलं, आगोस्तिनो. मुलाची लाज झाकायला म्हणून टॉवेल धरायचा आणि काट्याला फसवायचं. नऊशे ग्रॅम, हे त्याने कागदावर लिहून दाखवलं. म्हणजे पाण्यावाचून इतका वाळवूनही तो गटात बसत नव्हता, तरी तू त्याला बसवलंस.

मामाच्या घरी आहे म्हणून मी सात वर्षं निर्धास्त झोपले. जिथे टॉवेल धरायचा नव्हता तिथे धरलास, आणि जिथे टाकायचा होता तिथे खांद्यावर मिरवलास. वर इस्पितळात माझ्या गळ्यात पडून खोटं बोललास, आणि मी तुझे डोळे पुसले. मला अजूनही कळत नाही ते एवढंच, की का. जिंकायचं होतं? तो तर सहाव्या फेरीपासून हरत होता, हे मला शिवणकामवालीलाही दिसलं.

एल्पिदियोसाठीही टॉवेल धरणार आहेस का, ते कळव. त्याची आई माझ्या वर्गात होती. तू नाही कळवलंस तर मी तिला कळवीन.

शेवटी लोभाचं लिहायचं ते आज लिहीत नाही.

नुन्झियाता

मार्चानीझे, १६ एप्रिल १९९६

ती. ताईस नमस्कार. तुला नको असला तरी वाकून केला आहे.

वि. वि. एल्पिदियोचं वजन शनिवारी झालं. सातशे ग्रॅम जास्त भरलं. त्याने सगळे कपडे उतरवले आणि रिवाजाप्रमाणे टॉवेल मागितला. एक टोक माझ्या मदतनिसाने धरलं, दुसरं माझ्यापुढे आलं, आणि मी हात खिशात घातले. संयोजकाने मला सगळ्यांदेखत म्हातारा गाढव म्हटलं. लढत रद्द झाली. एल्पिदियोच्या आईला आनंद होईल असं तुला वाटत असेल, तर तिने भर चौकात माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. कॉफीवाला आता माझ्यापुढे कप आपटतो. होऊ दे.

तू विचारलंस, का. सातव्या फेरीनंतर सबातिनो स्टुलावर बसला तेव्हा टॉवेल मी हातात घेतला होता. त्याने तो पाहिला आणि मला बजावलं, की मामा, टाकलास तर जन्मात तुझ्याशी बोलणार नाही. ताई, ते ऐकून मला बाबांचं टेबल आठवलं, त्यांचं खाली घातलेलं डोकं आठवलं. बाबांनी सहा वर्षं सोसलं. मला त्या मुलाचं सहा दिवसांचंही मौन सोसलं नसतं. म्हणून टॉवेल खांद्यावर ठेवला. जिंकायचं वगैरे काही नव्हतं. मी भ्यालो.

आणि आणखी एक, आयुष्यात पहिल्यांदा लिहितो आहे. एकसष्ट साली मी पुढे नव्हतो. डाव्या डोळ्याला तेव्हा काही दिसतच नव्हतं. बाबांना ते कळलं होतं.

तुझ्या कागदावर सही करून तो काल रोमला पाठवला. तुझं एकही कलम खोडलेलं नाही. सकाळच्या वजनाबद्दल माझं मत अजून वेगळं आहे, तरी सही केली. वजनकाट्याजवळ टॉवेल नको, हे कलम मी घातलं, आणि सबातिनोच्या वेळी मी स्वतः काय केलं ते तारखेनिशी लिहिलं. परवाना जाईल. तुझ्या टॉवेलाच्या कलमाखाली माझ्या हाताने एक ओळ वाढवली आहे, की टॉवेल टाकावा की नाही हे कोपऱ्याने मुलाला विचारू नये आणि त्याने सांगितलं तर ऐकू नये. ते मानतील की नाही ठाऊक नाही.

टॉवेल सोबत पाठवतो आहे. मी धुतलेला नाही, मला तो धुववेना.

लोभ मागायचं तोंड राहिलं नाही, तेव्हा दुसरंच मागतो. सबातिनोला म्हणावं, लवकर बोलायला लाग, सगळं, पहिल्यासारखं, डोकं उठेपर्यंत. आणि मग माझ्याशी बोलू नकोस. सहा वर्षं नाही, जन्मभर बोलू नकोस. कधी माझ्या टेबलावर जेवायला बसलाच, तर ताई, मीठ तुझ्या तोंडून मागू दे त्याला.

तुझा,
आगोस्तिनो