बंबाजवळचं तेल

आबा,

आधी एक दुरुस्ती. तुम्ही गेलात त्या दुपारी घर माणसांनी भरलेलं असताना काकांनी मला विचारलं होतं, "गाडीत तेल कुणी घातलं हुतं?" आणि मी सांगितलं होतं, "मी घातलं. नरसाळ्यानं. सगळं." ते खरं नाही. मी तेल घातलं नव्हतं. बारा वर्षांत हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, आणि आता तुम्हाला सांगून काही बदलणार नाही हेही मला कळतं. पण चुकलेलं खोडायचं नाही, त्यावर एकच रेघ मारायची आणि खाली बरोबर लिहायचं, म्हणजे काय चुकलं होतं ते दिसत राहतं, हे तुम्हीच शिकवलंत. माझ्या पाटीवर तुम्ही ओलं फडकंसुद्धा फिरवू देत नव्हता.

दम्यामुळे मला चौथीपर्यंत शाळेत घातलं नाही. तुम्ही जनावरांच्या दवाखान्यातून आलात की मागच्या पडवीत मोटरसायकलीशेजारी माझी शाळा भरायची. तेलाच्या डब्यांवरचे आकडे हे माझे पहिले आकडे. तीस म्हणजे पातळ, चाळीस म्हणजे घट्ट. गाडीचं काम करायला शाहूपुरीतल्या गॅरेजचे चाचा यायचे, आणि दर हिवाळ्यात तुमचं त्यांच्याशी तेच भांडण व्हायचं. मला अजून ते शब्दांसकट आठवतं.

"डाक्टर, थंडीत तीस नंबर घाला की. किका मारून मारून गुडघा जाईल एक दिवस."

"आन् उन्हं वर आली मंजी? आंबा घाटाच्या चढाला पाण्यागत हुतंय तुमचं तीस नंबर."

"मग दोन गाड्या घ्या. एक सकाळची, एक दुपारची."

"आन् डाक्टर म्हनू नगा. कंपाउंडर हाय मी."

"म्हशीला इचारलंय. ती डाक्टरच म्हन्ती."

दोघांचंही खरं होतं. शाहूवाडीच्या वरच्या गावांना जायचं तर पहाटे निघावं लागायचं. त्या वेळी चाळीस नंबरचं तेल इंजिनात काकवीसारखं बसलेलं असायचं. दुपारी परत येताना मात्र तेच लागायचं. म्हणून तुम्ही तुमची युक्ती काढलीत. थंडीच्या दिवसांत संध्याकाळी आल्या आल्या, इंजिन गरम असतानाच, खालचा बोल्ट काढून सगळं तेल पत्र्याच्या डब्यात उतरवायचं आणि बोल्ट परत लावायचा. पहाटे आंघोळीच्या पाण्याला बंब पेटला की डबा त्याच्या अंगाला ठेवायचा. वासराला पाजायच्या दुधाइतकं तेल कोमट झालं की नरसाळ्यानं इंजिनात ओतायचं. मग गाडी दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या किकेला सुरू व्हायची. चाचा हसायचे, "लोकं पोरांना ऊन ऊन पाजत्यात, आमचे डाक्टर गाडीला." मी दहा वर्षांची झाल्यावर तेल तापवायचं आणि ओतायचं काम तुम्ही मला दिलंत. दुसरं काही मला इतक्या विश्वासानं कुणी दिलेलं नाही.

तुम्ही गेलात त्या पहाटे मी बंबासमोर बसले होते. आदल्या दिवशी माझ्या हातून थोडं तेल फरशीवर सांडलं होतं आणि तुम्ही म्हणाला होता, "घाई करून काम करनाऱ्यानं माझ्या गाडीला हात लावायचा न्हाय." ते मला लागलं होतं. आज एक थेंब सांडायचा नाही म्हणून तेल नीट पातळ होईपर्यंत थांबायचं असं मी ठरवलं होतं. डबा बंबाला टेकवलेला, माझे हात धगीजवळ. मला डुलकी लागली. कुठल्याशा वाडीत म्हैस अडली होती, म्हणून तुम्ही रोजच्यापेक्षा लवकर निघत होता. घरातून मफलर बांधता बांधता तुम्ही विचारलंत, "तेल घातलं का गं?" मी म्हणाले, "व्हय." मला वाटलं, आता तुम्ही चहा घ्याल, तेवढ्यात ओतून होईल. तुम्ही चहा घेतला नाहीत. थेट गाडीकडे गेलात, आणि ती पहिल्या किकेला सुरू झाली. आत तेलच नव्हतं, किक जड लागणार कशी? तुम्ही खूश होऊन आत ओरडलात, "बघ, एका किकेत! आज झ्याक तापवलंस." हे तुमचं माझ्याशी शेवटचं बोलणं. कौतुकाचं.

मी डबा घेऊन कोपऱ्यापर्यंत धावले. आवाज लांब गेला होता. तुम्हाला कळेल, तुम्ही परत याल, रागवाल, असं धरून मी दारात उभी राहिले. पन्हाळ्याच्या अलीकडच्या चढाला इंजिन जाम झालं, मागचं चाक अडकलं आणि समोरून ट्रक आला. बातमी आली तेव्हा मी डबा बंबाच्या राखेत रिकामा केला. दुसऱ्या दिवशी शेजारणी भांडी घासताना म्हणाल्या, "ही राख अशी तेलकट का लागतीय?"

गाडीचा खालचा भाग फुटला होता. बोल्ट सापडला नाही, आणि आत तेल नव्हतं. अपघाताच्या आदल्या संध्याकाळी तेल उतरवल्यावर तो झिजलेला बोल्ट चाचांनी बदलून आवळला होता. मी कधी खोटं बोलत नाही हे सगळ्या गल्लीला माहीत होतं, त्यामुळे दोष त्यांच्यावर गेला. तक्रार कुणी केली नाही. फक्त लोक त्यांच्याकडे गाड्या नेईनासे झाले. आईनं त्यांना दारातूनच परत पाठवलं, ते मी आतून पाहिलं. वर्षभरात गॅरेज बंद करून ते इचलकरंजीला गेले.

आता मी शाहूपुरीत गाड्यांचे सुटे भाग आणि तेल विकणाऱ्या दुकानात काम करते. हल्ली एक नवं तेल आलं आहे, पहाटे घट्ट होत नाही आणि उन्हात पाणी होत नाही. तुमचं भांडण त्यानं मिटवलं असतं. मालक सांगतात, परदेशात तर जमिनीतून न काढता कारखान्यातच घडवलेलं तेल मिळतं, ते बर्फातही वाहतं. गिऱ्हाईकं विचारतात, थंडीला कुठलं घालू, आणि मी सांगते. वर प्रत्येकाला म्हणते, निघायच्या आधी आत तेल आहे का ते स्वतः बघा. ते हसतात.

गेल्या गुरुवारी चाचा आले. मी ओळखलं, त्यांनी ओळखलं नाही. "जावई पहाटं शिफ्टला जातोय गाडीवरनं. थंडीचं कुठलं घालावं?" मी नवा डबा पुढे ठेवला. त्यांनी तो हातात फिरवला. "मी आपला तीस नंबरचा मानूस," ते म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले. "डाक्टरांची पोरगी न्हवं का तू?" मी मान हलवली. ते बाकावर बसले. म्हणाले, "मी आता यंत्रमागांना तेल घालतो, बोल्टाला हात लावत न्हाय. लई वरसं म्हनत हुतो, मी आवळला हुता. दुसऱ्या दिवशी तुमच्या दारापासनं त्या चढापातूर सायकल हातात धरून चालत गेलतो. वाटंवर थेंब न्हवता. पर धुळीनं झाकला असंल. ढिलाच ऱ्हायला असनार माझ्या हातनं. एवढी मानसं म्हन्त्यात ती काय येडी हायत? माफ कर पोरी. तुझ्या आईला सांगायचं धाडस न्हाय माझ्यात."

मी डबा वर्तमानपत्रात गुंडाळला, दोरा बांधला आणि म्हणाले, "सावकाश जा, चाचा."

सांगून त्यांचं गॅरेज परत येणार नाही. बारा वर्षं त्यांनी स्वतःच्या हातांवर घेतलेला संशय एका दुपारी जाईल असंही मला वाटत नाही. कदाचित ते मला शिव्या देतील, कदाचित काहीच बोलणार नाहीत, आणि ते जास्त वाईट असेल. आईला कळेल. ती मला काय म्हणेल याचा विचार मी करून पाहिला आणि अर्ध्यात सोडला. तुम्ही असता तर काय म्हणाला असता, हे विचारायचा मला हक्क नाही. तरी हे सगळं एकदा लिहून बघितलं, म्हणजे त्यांच्यासमोर काही गाळलं जाणार नाही. हा कागद कुठल्याच पत्त्यावर जायचा नाही.

लिहिलेलं पुन्हा वाचलं. वर एक चुकलं आहे. ते तसंच ठेवते, खाली बरोबर लिहिते. मला डुलकी लागली नव्हती. मी जागी होते. बंबाजवळ ऊब होती आणि मला उठावंसं वाटत नव्हतं.

दुकान सोमवारी बंद असतं. येत्या सोमवारी, भोगीला, सकाळच्या पहिल्या एस.टी.नं मी इचलकरंजीला जाणार आहे.